माय मागे बसेल अशी गाडी

३ नोव्हें. १९७४, रवि.

"मले मोटर लागते."

धाकटी बहीण लग्न करून बैहरला गेली, तिथून पहिलं बोलावणं आलं, तेव्हा माय एवढंच बोलली होती. अकरा वर्षं झाली. तिचा नवरा मास्तर, तो बौद्ध, आम्ही कुणबी, हे शब्द तिनं तेव्हा उच्चारले नाहीत, आजही नाही. मोटर लागते, संपलं. आणि लागते हे खोटं नाही. बसमध्ये चढली की भरवेली यायच्या आत पदर तोंडाला. जीपमध्येही तेच. रेल्वे चालते, पण रेल्वे बैहरला जात नाही.

आज बकरीवरून तिला नदीवर नेऊन आणलं. (मोपेडला हे नाव शाळेतल्या मुलींनी ठेवलं. आता मीही तेच म्हणते.) मागच्या कॅरियरवर घोंगडी घालून बसवली. परत आल्यावर विचारलं, मळमळलं का?

"कायले? वारा लागते तं."

ती आत गेली. मी बकरीचा हँडल धरून तशीच उभी.

५ नोव्हें., मंगळ.

रजा टाकून मायला गोंदियाच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरली आहे तेवढी सांभाळायची. थेंब दिलेत. वजनही केलं, तर माय काट्यावरून म्हणते, "धान हाय का मी?"

येताना खिडकीशी बसली. धानाची कापणी चालली होती. "कापून राह्यले का उभंच हाय?" मला विचारलं. कापून राहिले होते, अगदी रुळाच्या कडेला.

धाकटीची मीरा नऊ वर्षांची झाली. आजीनं तिला एकदाही पाहिलेलं नाही. मागे मी धाकटीला, कु.ला, म्हटलं होतं, पोरीला मी घेऊन जाते बालाघाटला दोन दिवस. कु. म्हणाली, "जिथं तिच्या बाबाले बोलावत नाही तिथं ती कायले येईल, ताई?"

७ नोव्हें., गुरु.

ठरलं. मोठी गाडी घ्यायची.

बैहरच्या घाटात बकरीचं काय होतं ते उन्हाळ्यात पाहिलं आहे. मी एकटी होते तरी गांगुलपाराच्या चढावर आधी पायडल, मग उतरून ढकलणं. ट्रकवाले थांबून विचारत होते, बहनजी, रस्सी दें? मागे माय बसवून तर नावच नको.

शाळेतून येताना रफीकभाईकडे. बकरी त्यानंच शिकवली मला, बसस्टँडमागच्या मैदानात. त्याला म्हटलं, दोन माणसं घेऊन घाट चढेल अशी गाडी सांगा.

"चलाएगा कौन?"

"मी."

पाना खाली ठेवून त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "तो काली. घाट मतलब काली, बहनजी. बाकी सब खिलौना है."

काळी म्हणजे ती साडेतीनशे सीसीची, ठाणेदारांची असते तशी. दूधवाल्यांची पावणेदोनशेची आहे, ती म्हणे कॅन नेईल, मायला घेऊन घाट नेणार नाही. आणि एक लाल, अडीचशेची, दोन नळ्यांची. रेंजरसाहेबांना सरकारी जीप मिळाली, तेव्हापासून त्यांची व्हरांड्यात उभी आहे. रफीकभाई: "वो लौंडों की गाड़ी है. रेस लगाने की."

मायला अजून काही सांगितलं नाही.

१० नोव्हें., रवि.

काळी पाहिली. कोणा ठेकेदाराची, विकायची आहे. आवाज असा की छातीत ऐकू येतो. आवडली, खरं सांगायचं तर. मागे माय बसली आहे आणि आपण हिच्यावर घाट चढतो आहोत, हे डोळ्यापुढे आलंसुद्धा.

किक मारली. किकनं उलट मारली. पोटरी काळीनिळी.

रफीकभाईनं सुरू करून दिली, गावाबाहेरच्या रस्त्यावर चालवली. चालू असताना अगदी गुणाची. बांधाजवळच्या छोट्या चढावर थांबले, पाय टेकायला गेले तर पातळाचा घोळ पायदानाला अडकला. पाय टेकला नाही. गाडी हळूच एका अंगाला गेली आणि मी तिच्याबरोबर.

लागलं नाही फार. पण ती उचलेना. दोन्ही हातांनी, पाठीनं, सगळ्या प्रकारे करून पाहिलं. रफीकभाई लांबून पळत येत होता, तोवर शेजारच्या बांधीतून धान कापणाऱ्या तिघी आल्या, विळे कमरेला खोचून. चौघींनी मिळून उभी केली. हसत होत्या.

"बाई, हे रेडा कायले पाळून राह्यली तुमी?"

त्यांच्यातली थोराड होती ती माझ्या पातळाकडे पाहून म्हणाली, "लुगडं नेसा ना. पाय तं मोकये पायजे."

काळी नाही. घाटात मी, मागे अर्धवट नजरेची माय, आणि पडली तर रस्त्यावर कोणी तिघी येईपर्यंत बसून राहायचं? रफीकभाई नाराज. म्हणे, गिरेगी ही क्यों. पडणारच की कधीतरी.

१२ नोव्हें., मंगळ.

दिवाळीचं चाललं आहे. मायनं आजही दोघींच्या घराला पुरून उरेल एवढा चिवडा केला. दरवर्षी करते. कोणासाठी ते बोलत नाही, मी डबा भरून बैहरला नेते तेव्हा पाहतही नाही. फक्त डब्याचं झाकण घट्ट लावलं का ते विचारते.

१७ नोव्हें., रवि.

मायला म्हटलं, मला लुगडं नेसायला शिकव. कासोट्याचं.

"आता काहून? मास्तरीण झाली तवा तं म्हने, लुगडं गावंढळ दिसते."

म्हणाले होते. वीस वर्षांची होते.

"शाळेत नाटक हाय का?"

"नाही. गाडी चालवायची आहे. मोठी."

मायनं पेटीतलं तिचं हिरवं लुगडं काढून आणलं. दिसत नाही पण हाताला काठ कळतो, आतला कोणता, बाहेरचा कोणता. माझ्याभोवती फिरत होती. निऱ्या घातल्या, कासोटा मागे नेला आणि असा ओढून खोचला की माझे पाय जमिनीवरून उचलले जातात की काय.

"सैल ठेवला का सुटते. रोवणीत सुटला तं बाया हासते."

मग दोन पावलं मागे सरून माझ्याकडे पाहत राहिली. किती दिसत होतं कोण जाणे. "चाल आता," म्हणाली. अंगणात चालून दाखवलं. "लंब्या टांगा टाक. भिऊन कायले चालतं?"

पाय खरंच मोकळे झाले. इतकी वर्षं मी लहान पावलं टाकत होते हे आज कळलं.

कुठं जायची आहे मोठी गाडी, हे तिनं विचारलं नाही.

२४ नोव्हें., रवि.

लुगडं नेसून रेंजरसाहेबांकडे. साहेबांनी आधी मला कामाला आलेली बाई समजून मागच्या दाराकडे हात केला. मग ओळखलं, फारच ओशाळले. चहा झाला.

लाल. टाकीला थोडा पोचा, बाकी नीट पुसलेली. किकची आणि गिअरची दांडी एकच, आत ढकलून वर केली की किक, खाली पाडली की गिअर. हे लक्षात ठेवायला वेळ लागेल. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागतं, विसरलं की इंजिन जाम. हेही. पण किक दुसऱ्या झटक्यात, आणि उलट मारत नाही. खाली बसलं की दोन्ही पाय टेकतात.

मी साहेबांना म्हटलं, आता मी ही पाडणार आहे.

"पाडणार?"

"हळू. गवतावर."

पाडली. साहेबांनी डोळे मिटले. मी हँडल पूर्ण वळवून घेतला, सीटखाली हात घातला, कासोटा होताच, गुडघ्यात वाकले आणि उठले. गाडी माझ्याबरोबर उठली. पुन्हा पाडली, दुसऱ्या अंगावर. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "बस कीजिए बहनजी, ले जाइए."

हीच.

रफीकभाईनं चारही बाजूंनी फिरून पाहिली. इंजिनात खोट सापडेना, म्हणून मग म्हणाला, "रंग बहुत लाल है."

२ डिसें., सोम.

मोठ्या बहनजींनी खोलीत बोलावलं. शाळेत लुगडं नेसून, फटफटीवर? "बच्चियाँ क्या सीखेंगी?"

म्हटलं, चालवायला शिकतील.

नंतर वाटलं, इतकं तुटक बोलायला नको होतं. भल्या बाई आहेत. त्यांनाही कोणीतरी विचारत असेल. पण उद्या जाऊन माफी मागावी एवढंही वाटत नाही.

८ डिसें., रवि.

आज पोतं नेलं.

लामत्याच्या आमच्या शेतातला नवा तांदूळ आला आहे. मायनं तीन दिवस बसून निवडला, बोटांनीच. गोंदियाच्या काट्यावर तिचं जेवढं वजन आलं तेवढा पोत्यात भरून घेतला, लालच्या मागच्या सीटवर उभा बांधला. माय दारात होती. "एवढा?" एवढंच.

भरवेलीपर्यंत सुख. घाट सुरू झाला, दुसऱ्या गिअरवर चढू लागली, आवाज जरा बदलला पण दम सोडला नाही. तिसऱ्या वळणावर पोतं एका बाजूला झुकलं आणि गाडी दरीकडे ओढू लागली. थांबले. दोर सोडून पोतं आडवं टाकलं, दोन्हीकडे सारखं लोंबेल असं. पुन्हा किक. मग सरळ चढली. सागाची पानं रस्त्यावर, पलीकडे बांबू, आणि मी कोणाला रस्सी मागितली नाही.

म्हणजे माय एकीकडे पाय करून बसली तर घाटात चालणार नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसायला हवं, पुरुषासारखं. पातळात ते जमत नाही. लुगड्यात जमतं. ती तर जन्मभर लुगड्यातच आहे.

बैहरला मास्तर अंगणात होते. "ताई, मागं कोण आणलं?"

"सासूबाई," म्हटलं.

मास्तरांनी चप्पल काढली आणि पोत्याला वाकून नमस्कार केला. अगदी गंभीर तोंडानं. "या, लई दिवस लावले." मीरा हसून हसून ओट्यावर लोळली. "आजी तो बहुत मोटी है!" ती हिंदीतच बोलते जास्त.

कु. हसली नाही. पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन बोटानं पसरला.

"मायनं निवडला हा. एक खडा नाही."

आणि आत निघून गेली. मी मागोमाग गेले नाही. बऱ्याच वेळानं भाताचा वास आला.

९ डिसें., सोम.

आज सकाळी मायच्या डोळ्यांत थेंब घालताना, मान वर, डोळे मिटलेले:

"पोचले तांदूळ?"

"हौ."

"शिजवला का ठेवला?"

"लगेच शिजवला. मी जेवून आले."

मग, "मास्तर?"

"दोनदा वाढून घेतला."

डोळे मिटूनच होती. थेंब गालावर आला होता, औषधाचाच असेल.

"नव्या तांदयाले पानी कमी लागते. गिचका होते. तिले मालूम हाय का?"

म्हटलं, तूच सांग.

"मले मोटर लागते," म्हणाली. पण नेहमीसारखं झटकून नाही. जुनी वस्तू जागेवर आहे का हे चाचपून पाहावं तसं.

१२ डिसें., गुरु.

शाळेतून आले तर माय अंगणात लालजवळ. एक हात टाकीवर. मी दाराशीच थांबले. सीट चाचपली, मागचं चाक, मग खालच्या नळ्या. एक इकडे, एक तिकडे.

"दोन कायले?"

मी आहे हे तिला ठाऊक होतं तर. म्हटलं, धूर जायला.

"चुलीले तं एकच पुरते." हात पदराला पुसला. मग, "मागच्यानं धराव कायले?"

"मले धरायचं."

"तू का खांब हाय?"

आणि आत गेली. यातून काही अर्थ काढायचा नाही असं ठरवलं आहे. ती म्हशीलाही असंच चाचपते.

१४ डिसें., शनि.

उद्या रविवार. तेल मिसळून पेट्रोल भरून आणलं. चाकांत हवा. घोंगडीची घडी मागच्या सीटवर बांधून पाहिली, बसते नीट.

उद्या सकाळी चहाच्या आधी विचारणार आहे. नाही म्हणेल. मला माहीत आहे. गुडघा म्हणेल, थंडी म्हणेल, म्हशीचं कोण पाहील म्हणेल. पण मोटर लागते हे तिला म्हणता येणार नाही. अकरा वर्षांनी पहिल्यांदा दुसरं काहीतरी म्हणावं लागेल. कदाचित खरं तेच म्हणेल. ते ऐकायची तयारी केली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा विचारेन, त्याच्या पुढच्याही. गाडी आता दारात आहे.

सोपं करून विचारावं असंही मनात आलं होतं. जेवू नको, पाणी पिऊ नको, दारातून पोरीचं तोंड पाहून परत येऊ. तेवढ्याला कदाचित हो म्हणेल. पण अशी माय मी कु.च्या दारात नेऊन उभी करणार नाही. मास्तरांनी पोत्यालासुद्धा चप्पल काढून नमस्कार केला.

तेव्हा पूर्णच विचारायचं. शब्द इथं लिहून ठेवते, म्हणजे सकाळी तिच्यासमोर कमी पडायचे नाहीत:

माय, माह्या मागं बस, दोन्हीकडं पाय टाकून. बैहरले जाऊ. अन् मास्तरच्या घरी, त्याच्या पंगतीले बसून, जेव.