सहा वेळा आलेले काका

बुधवार, संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळलं. लाजच वाटत होती. भटकत आलेल्या मला ज्या काकूंनी घरात घेतलं, त्यांना वारलेल्या काकांच्या गाण्याचा व्हिडिओ टीव्हीवर मला दाखवता येईना. आतल्या खोलीतल्या ड्राइव्हवर मी तो सहा वेळा टाकला, दर वेळी नव्या नावानं. काकू रोज विचारायच्या, "दिसंना व्हय अजून?"

आज उमगलं. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर नवीन काही आलं, तरी टीव्हीला व्हिडिओ पुरवणाऱ्या सर्व्हरला कुणी सांगतच नाही. त्यालाच अधूनमधून जाऊन बघावं लागतं. दर तासाला बघ, असं लावून दिलं. तर टीव्हीवर काका सहा वेळा! जादाचे पाच पुसायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "राहू दे की, लई दिवसांनी आलेत."

एवढं सांभाळून घेणारं मला कुठं भेटलं असतं?

गाणं अजून मोठ्यानं चालूच आहे. थांब, दारात काकूंचा दीर उभा आहे, वर्षानुवर्षं अबोला धरलेला. म्हणतोय, "वहिनी, दादाचा आवाज रस्त्यावर आला."