भावंडांचा रकाना

३ सप्टेंबर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर. गुडघ्यांच्या कृपेने प्रत्यक्षात आठापैकी दोन-तीनच अंगं खाली टेकतात. इकडे सगळे नेहमीइतके ठीक.

फोनवर तू ‘मला काही धाड भरलेली नाही’ म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून पत्र. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. पंधरा ऑक्टोबरला तुझ्या हृदयाची झडप बदलणार, आणि पुढचे सहा आठवडे घरात सोबतीला कोणी असल्याशिवाय दवाखाना तुला सोडणार नाही. भावोजी गेल्यापासून त्या घरात तुझ्याखेरीज फक्त फ्रिज आवाज करतो, हे तूच सांगितलंस. तेव्हा मी येतोय. मला भात लावता येतो, औषधाच्या वेळा पाळता येतात आणि गप्प बसता येतं. तिसऱ्या गोष्टीबद्दल तुझ्या भावजयीचं मत वेगळं आहे.

व्हिसाचा अर्ज भरला. अठ्ठावीस वर्षं कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरतोय. अख्खा रस्ता मला अर्जमास्तर म्हणतो, निम्मा गाव मी विमानात बसवला. पण स्वतःचा अर्ज भरणं म्हणजे न्हाव्याने स्वतःच्या मानेवर वस्तरा चालवणं. फोटोत कान दिसले पाहिजेत आणि हसायचं नाही. फोटोवाला म्हणाला, “मास्तर, तुम्हाला हे दोनदा सांगावं लागत नाही.”

तुमच्या त्या देशाला सगळ्यात मोठी भीती कसली, तर आलेला माणूस परत जाणार नाही. म्हणून परत येण्याचे पुरावे जोडायचे. घरपट्टीची पावती जोडली, बँकेचं पुस्तक जोडलं. बायकोचं पत्रही चालतं, की नवरा परत यायला हवा आहे. तुझी भावजय म्हणाली, “खोट्या प्रतिज्ञापत्रावर मी सही करत नाही.” मग सही केलीन, आणि वर म्हणते, “तुमचा चेहरा बघितला की त्यांनाच कळेल, याला दुसरं कोणी ठेवून घेणार नाही.”

चौदाव्या रकान्यात तिकडच्या नातेवाइकाची माहिती विचारतात. तुझं नाव, पत्ता, तू कोणत्या वर्षी गेलीस, सगळं लिहिलं. बरं, तुझ्या बावीस वर्षांपूर्वीच्या अर्जाची प्रत तुझ्याकडे आहे का? असली तरी शोधत बसू नकोस. सहज विचारलं.

डबे उचलू नकोस, जिने चढू नकोस.

तुझा धाकटा भाऊ


२८ सप्टेंबर

ती. ताई,

नमस्कार. काल मुलाखत झाली. फोनवर म्हटलं तसं ‘बरी झाली’. दात काढल्यावरही आपण बरं झालं असंच म्हणतो.

सकाळी सातला रांगेत उभा राहिलो, अकराला काचेसमोर. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, नातवाला बघायला निघालेले. काचेमागच्याने विचारलं, “किती दिवस राहणार?” ते म्हणाले, “मुलगा ठेवील तितके.” माझ्या टेबलावर आले असते तर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून काढून फेकलं असतं. दोन मिनिटांत परतले. मला वाटेत विचारलं, “काही चुकीचं बोललो का हो?” मी म्हटलं, “नाही, आजोबा.”

मग मी. काचेमागे गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची असेल, म्हणजे मला भाची असती तर. चांगली होती. आवाजही चढवला नाही, तेच जास्त लागलं. पडद्याकडे बघत म्हणाली, “काका, तुम्ही बहिणीकडे जाताय. पण या बाईंच्या आमच्याकडच्या नोंदीत भावंडं नाहीत.”

मी म्हटलं, नोंदीत काहीतरी गोंधळ असेल. असं म्हणायची मला सवय आहे. तिने पंधरा दिवस दिले. नातं सिद्ध करणारे कागद आणा, नाहीतर तुमच्या बहिणीने तिकडून लिहून द्यावं की मूळ अर्जात चूक झाली. बारा ऑक्टोबरपर्यंत.

फोनवर हे तुला ‘त्यांचा घोळ’ म्हणून सांगितलं आणि तू म्हणालीस, “तू लिहून पाठव, मी डोळे मिटून सही करते.” ताई, ती एक सवय सोड. दवाखान्याच्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून माझं नाव दिलंयस, तेही कळलं. दवाखान्याचे कागद ती कचेरी वाचत नसावी.

दोघांचे जन्मदाखले माझ्याकडे आहेत. आई तीच, बाप तोच, गल्लीही तीच. खिडकीवर नुसते ठेवायचे आहेत.

झोप नीट घे. मी पुन्हा फोन करीन.

तुझा भाऊ


११ ऑक्टोबर

ती. ताई,

हे पत्र पोचायला दहा दिवस लागतात, हे हिशेबात धरून लिहितोय. तू ते उघडशील तेव्हा ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले असतील. तू उघडशीलच. त्याआधी, उद्या फोनवर मी तुला सांगणार आहे की त्यांनी व्हिसा नाकारला. तू त्या देशाला, कचेरीला, काचेला शिव्या घाल. मीही घालीन. चिडून आत गेलेलं बरं. खरं काय ते आता या पत्रात वाच.

नोंदीत गोंधळ नाही. नोंद माझ्या अक्षरात आहे.

बावीस वर्षांपूर्वी तुझा नोकरीच्या व्हिसाचा अर्ज मी भरला. ‘भावंडे’ या रकान्यात मी लिहिलं, ‘नाही’. त्या काळी आमच्या धंद्यात सगळे सांगायचे, मागे भाऊ दिसला की साहेबाला वाटतं आज ही, उद्या तो. नावं कमी तर प्रश्न कमी. तू विचारलंस, “सगळं बरोबर आहे ना?” मी म्हटलं, “सही कर.” तू केलीस. पुढे कायम राहण्याचा अर्ज आला तेव्हाही मीच भरून पाठवला आणि तेच लिहिलं, कारण नवा कागद जुन्याशी जुळावा लागतो. तेव्हाही तू वाचला नाहीस.

इथवरच लिहून हे पत्र बंद करणार होतो. धंद्याची चूक म्हणून खपलं असतं. तूही म्हणाली असतीस, माझ्या भल्यासाठीच केलं ना रे.

तसं नव्हतं, ताई. म्हणजे तसंही होतं. पण त्या संध्याकाळी आई आतल्या खोलीत तुझ्या बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा लावून बघत होती, बाबा खोकत होते, आणि तू आरशासमोर तिकडची भाषा बोलून बघत होतीस. मला दिसत होतं की हे दोघं, हे घर, छपराची गळती, सगळं आता माझ्या गळ्यात. बाहेर पडायची इच्छा मलाही होती, पण ते विचारायला तुला कोणी सांगितलं नाही आणि मीही बोललो नाही. ‘भावंडे’ या शब्दापुढे ‘नाही’ लिहिताना मला फार बरं वाटलं. शाई वाळेपर्यंत वाटलं. मग पान उलटलं आणि तुझी उंची, डोळ्यांचा रंग वगैरे भरत बसलो.

आता गंमत बघ. मी तुझा भाऊ आहे हे सिद्ध करायला दोन दाखले पुरे आहेत. पण ते खिडकीवर ठेवले की सिद्ध होतं की तू दोनदा खोटं लिहून दिलंस. सही तुझी आहे, माझी नाही. मूळ अर्जात खोटं सापडलं तर दिलेला परवाना, राहण्याचा हक्क, सगळं काढून घेता येतं. तो नियम मी टेबलावर बसून किती जणांना वाचून दाखवलाय. ते काढून घेतीलच असं नाही. एखाद्याला नुसती तंबी मिळते. पण छाती शिवलेल्या बाईला त्यांनी उद्या कागद मागितले तर? तुझा दवाखाना तिथे, औषध तिथे, भावोजींची राख तिथे. मी काय, भात लावायला येणार होतो.

म्हणून आज सकाळी जाऊन अर्ज मागे घेतला. नाकारला की कारण फाइलीत चिकटतं, मागे घेतला की फाइल बहुधा बंद होते. बहुधा. कारणाच्या रकान्यात एका ओळीची जागा असते. मी लिहिलं, ‘प्रवासाची गरज उरली नाही.’ दाखले पिशवीतच होते. का नेले होते ते विचारू नकोस.

तीच मुलगी होती. शिक्का मारताना म्हणाली, “काका, फाइल बंद करण्याआधी एक लिहावं लागेल. त्या बाई तुमच्या बहीण आहेत की नाहीत?”

मी म्हटलं, “मानलेली.”

ती हसली. म्हणाली, “हल्ली मानलेलं नातंही कोण इतकं निभावतं?” मी मान हलवली. जिन्याने खाली निघालो. झेरॉक्सवाल्याने खालून ओरडून विचारलं, “काय मास्तर, झालं का काम?” मी म्हटलं, झालं.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना फोन केला होता. त्या दिवसातून दोनदा वर येतील, रात्री त्यांची सून झोपायला येईल. दवाखान्याला तेवढं चालतंय. तुझ्या भावजयीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिने माझी बॅग भरून ठेवलीय, ती उद्या रिकामी करताना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

माफी मागत नाही. तू लगेच देशील, आणि मग मला बोलायला जागाच राहणार नाही. राग आला तर येऊ दे, फक्त टाके सुकल्यावर.

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक, आधीची दोन्हीही. माझ्या अक्षरातला आपल्या नात्याचा कागद तुझ्या घरात नको. वर ‘ताई’ लिहिलंय ते एक वेळ चालेल, जगात कोणालाही ताई म्हणता येतं. खाली मात्र या वेळी नातं लिहीत नाही.

तुझा