चालू स्थितीत

१४ ऑक्टोबर २०१२, रविवार, सकाळी ६.४०

गाडीच्या काचा कोरड्या फडक्याने पुसत होतो तेव्हा ठरवले — नोंद ठेवायची. रोज. मीटर : १,४८,२१७. दिवे लागत नाहीत. हॉर्न नाही. बॅटरी मेलेली.

दूध संस्था बंद पडून सात महिने झाले. चारा नाही, जनावरे बाजारात गेली, दूध कुठून येणार! संस्थेची पांढरी अॅम्बेसेडर आमच्या दारात कडुलिंबाखाली उभी आहे, कारण ती एकोणीस वर्षे दादांनी चालवली. दादा म्हणजे माझे वडील. चेअरमनसाहेबांना घेऊन बीड, परळी, कुठे कुठे जायचे.

काल बीडहून सहकार खात्याचे साहेब आले. आता संस्थेची एकेक वस्तू कोणाच्या तरी सहीवर सांभाळायला देणार, पुढे लिलाव. दादा संस्थेचे नोकर, त्यांची सही चालत नाही. म्हणून माझी. साहेबांचा कारकून म्हणाला, "अक्षर छान आहे तुझं, तूच लिही." त्याने सांगितले : जशी आहे तशी घेतली, मागाल तेव्हा तशीच परत देईन. मला ते बोलण्यासारखे वाटले, कागदासारखे नाही. मी लिहिले — 'वाहन चालू स्थितीत ताब्यात घेतले असून जागेवरून न हलवता सांभाळीन व मागणी होताच स्वतः हजर राहून चालू स्थितीत परत करीन.' चालू महिना, चालू वर्ष, तशी चालू स्थिती. साहेबांनी वाचून मान हलवली.

'स्थितीत' — पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. बरोबर आहे. नववी सोडल्यापासून एवढा मोठा कागद पहिल्यांदाच लिहिला.

१६ ऑक्टोबर

हॉटेलात बद्रीनाथने माझ्याकडची प्रत मागून वाचली. तो संस्थेचा सेक्रेटरी होता. मोठ्याने हसला.

"आरं शादेवा, चालू स्थितीत? गाडी तर बंद हाय बे! आता चालू करून द्यावी लागंल. न्हाई दिली तर थेट आत!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत कागद तीनदा वाचला.

१७ ऑक्टोबर

शाळेत जाऊन गुरुजींचा शब्दकोश पाहिला. चालू — १. चालणारा, सुरू असलेला. २. सध्याचा. ३. लबाड.

साहेब कोणता धरतील? पहिला आधी लिहिला आहे!

२० ऑक्टोबर

बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून दिंद्रुडला गेलो होतो. मिस्त्रीने तारा लावल्या, काढल्या. "ह्याच्यात जीव न्हाई. प्लेटी गेल्या." नवी साडेचार हजाराला. मी म्हटले, पाणी तरी घालून बघा. "घालतो. पर बाटलीतलं लागंल. टँकरचं न्हाई चालत, क्षार धरतंय."

दोन बाटल्या आणल्या. आई कितीतरी वेळ बाटलीकडे पाहत होती. "गाडीला इकतचं पाणी, अन् आपल्याला टँकरचं गढूळ. लई लाडाची हाय बाई!"

एक दिवा मिणमिणला. विझला.

२४ ऑक्टोबर, दसरा

दादांनी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. चिरडायला गाडी हलायला पाहिजे — लिंबू तसेच आहे.

मुकादम उत्तरेश्वर येऊन गेले. ऊसतोडीला कोयता म्हणजे दोन माणसे. आमच्या कोयत्यात आई आणि मी. उचल श्रावणातच घेतलेली, आता नाही म्हणता येत नाही. ६ नोव्हेंबरला ट्रक. दादांना परळीच्या एका शेठजींनी ड्रायव्हर म्हणून बोलावले आहे, दिवाळीपासून. त्यांनी पांढरा शर्ट-पायजमा धुऊन घडी करून ठेवला.

२ नोव्हेंबर

आज दादांना सगळे सांगितले. साहेब मागतील त्या दिवशी मी नसलो तर? गाडी बंद असली तर?

दादांनी कागद मागितला. त्यांना वाचता येत नाही. कागद हातात घेऊन त्यांनी माझी सही तेवढी बोटाने चाचपली.

"कागदापुढं आपलं काय चालतंय? तू राहा. मी जातो तुझ्या आईसंगं."

"दादा, परळी?"

"शेठ काय पळून चाललाय का? उन्हाळ्यात जाऊ."

त्यांनी आयुष्यात कधी कोयता धरलेला नाही.

६ नोव्हेंबर

गेले. ट्रकमध्ये खोपीच्या कुडाचे, भांड्यांचे ढीग आणि त्यावर दादा, पांढरा शर्ट घालून! खाली वाकून म्हणाले, "आठ दिवसाला चाकं फिरव. एका जागी टायर बसतं."

आई तोंडाला पदर लावून होती.

१८ नोव्हेंबर

जॅक लावून चारही चाके अर्धा-अर्धा फेरा फिरवली. मीटर तेच.

३ डिसेंबर

बीडला दुसरा अर्ज पाठवला. 'गाडी चालू करून देण्यास मुदत मिळावी.' पहिल्याचे उत्तर नाही. साहेब चाऱ्याच्या कामात आहेत म्हणे.

११ डिसेंबर

दादांचा फोन.

"लागली का रं गाडी?"

"नाही अजून. तुमचे हात कसे आहेत?"

"स्टेरिंग इसरतील आता!" हसले. मग खोकला आला. मग आईने फोन घेतला आणि ठेवून दिला.

१४ जानेवारी, संक्रांत

भाऊबंदांपैकी एकाच्या ट्रॅक्टरची बॅटरी तासाभरासाठी मिळाली. इंजिन तीनदा फिरले — चौथ्यांदा नाही. पोरे म्हणाली, ढकलू. मी हलवू दिली नाही. कागदात 'न हलवता' आहे. पोरे चिडवत गेली, "वकीलसाहेब! वकीलसाहेब!"

तिसरा अर्ज लिहिला.

२७ जानेवारी

आईचा फोन. उसाच्या पानाचे टोक दादांच्या उजव्या डोळ्यात गेले. आठ दिवस झाले! "कावून सांगितलं न्हाई?" मी ओरडलो. त्यांनीच सांगू दिले नाही. म्हणाले, पोरगं गाडी सोडून पळत येईल. डोळ्याला फडके बांधून तसाच ऊस तोडत होते.

५ फेब्रुवारी

घरी आले. बीडच्या डॉक्टरांनी सांगितले, उजवा डोळा गेला.

चहा घेण्याआधी गाडीकडे गेले. बोनेटवरून हात फिरवला. धूळ लागली नाही. "ठेवलीस चांगली." मग दार उघडून आपल्या जागेवर बसले. स्टेअरिंग धरले. उजवीकडच्या आरशाकडे पाहायला मान वळवली, अजून वळवली, पार खांद्यापर्यंत.

"आरसा सरकवलास का?"

"नाही."

"मग दिसत कसा न्हाई," असे म्हणाले, आणि हात डोळ्यावरच्या पट्टीकडे गेला.

मी मागच्या टायरपाशी जाऊन बसलो. आईने येऊन विचारले, "कावून रडायलास?" मी म्हटले, ऑइल पडले आहे का बघतो.

परळीच्या शेठजींना आता काय सांगायचे?

१६ फेब्रुवारी

आई-दादा डोळा धुवायला बीडला गेलेले. दुपारी साहेब आले, पंच म्हणून बद्रीनाथ. मी हात जोडले. म्हटले, "साहेब, चालू झाली नाही. काय शिक्षा असेल ती करा."

साहेबांनी कागद पाहिला, मला पाहिले.

"कसली शिक्षा? चालू स्थितीत म्हणजे सध्याच्या. तेव्हा बंद, आज बंद. झालं!"

"पण मी मुदत मागत होतो..."

"तेच कळेना, कशाची मुदत! किल्ली कोणाच्याही हाती पाठवून दिली असतीस तरी चाललं असतं."

बद्रीनाथ खाली पाहत होता. ट्रॅक्टरला दोर बांधताना जवळ येऊन म्हणाला, "मी तर गमतीनं बोल्लो होतो बे. तू लिहिणारा माणूस, तुला कळंना का?"

शब्द माझाच होता. लिहिताना मला त्याचा अर्थ माहीत होता. तीन दिवस माहीत होता.

साहेबांनी पावती दिली : 'वाहन चालू स्थितीत (बंद) मिळाले.' गाडी ओढत नेली. लिंबाखाली चार कोरडे खड्डे आणि दसऱ्याचे लिंबू, वाळून काळे झालेले.

१७ फेब्रुवारी

दादा परत आले. रिकामी जागा पाहून पावती वाचायला सांगितली. मी वाचली — 'वाहन चालू स्थितीत मिळाले.'

"चालू करून दिलीस?" माझा खांदा धरला. "एकट्यानं? मला म्हाईतच होतं! आवाज कसा होता रं?"

"पहिल्यासारखाच, दादा."

पावतीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. कंसातला शब्द मी वाचला नाही.