दुसऱ्या भागाचा शेवट

आई,

त्या रहस्यकादंबरीच्या दुसऱ्या भागाला पडल्या तेवढ्या शिव्या मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला पडलेल्या ऐकल्या नाहीत. बाबा वाडीच्या गोदामातून सुटले की धरमपेठेतल्या लायब्ररीत थांबून मग सायकलने सक्करदऱ्याला यायचे, आणि त्या उन्हाळ्यात रोज एक ताजी बातमी आणायचे. आज एका वकिलाने पुस्तक काउंटरवर आपटलं. आज एका पेन्शनर आजोबांनी लायब्ररीतून नावच कमी करायला सांगितलं. आपल्या हाती आलेल्या प्रतीच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. लायब्ररीवाल्याने त्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती, आणि त्या पट्टीवर दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, 'लेखकाला फाशी द्या.' ते वाचून तू हसलीस. तू अजून पुस्तक वाचलं नव्हतंस.

सात वर्षं वाट पाहिली होती ना सगळ्यांनी. पहिला भाग आला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, त्यामुळे तो मला तुम्हा बायकांच्या बोलण्यातूनच माहीत. जंगलातला बंगला, मालकाचा खून, आणि शेवटच्या पानावर डिटेक्टिव्ह कंदील घेऊन तळघराचं दार ढकलतो. समोर उभ्या माणसाला पाहून त्याच्या हातातला कंदील गळून पडतो, आणि खाली बारीक अक्षरांत, 'उर्वरित भाग लवकरच'. हे लवकरच सात वर्षं चाललं. तेवढ्या काळात गल्लीत तीन लग्नं झाली, एक म्हातारी गेली, मी सातवीत पोचले. दारामागे कोण, याबद्दलची बायकांची मतं मात्र जागची हलली नाहीत. समोरच्या काकू पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की तो बंगल्याचा दिवाणजीच.

तुझी ती दुपारची बैठक मला आत्ताही समोर दिसते. जेवणं उरकलेली आहेत, स्वयंपाकघराची फरशी ओल्या फडक्याने पुसलेली आहे, खिडकीला भिजवलेलं गोणपाट लावलं आहे. काकू तांदूळ निवडायला सूप घेऊन येतात, मागच्या गल्लीतल्या वहिनी सोलायला लसूण आणतात, आणखी तीन-चार जणी नुसत्याच येतात. काकूंना अक्षर येत नाही. वहिनींना येतं, पण त्यांच्या हातात कादंबरी दिसली की सासू घर डोक्यावर घेते. तू सातवी पास, म्हणून वाचायचीस तू. भिंतीला टेकून, पाय लांब करून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एरवी 'काहून' आणि 'मले नाही समजत' करणारी तू पुस्तक उघडलंस की थेट पुण्याची व्हायचीस. आणि एक नियम होता तुझा, की पुढचं आधी वाचून ठेवायचं नाही, तुलाही सगळ्यांबरोबरच कळायला हवं. दुसऱ्या भागाच्या वेळी मात्र तो तू मोडलास. ती फाशीची पट्टी पाहिल्यावर तुला राहवलं नाही. एका सकाळी अख्खं पुस्तक संपवलंस आणि वरण करपवलंस.

बाबा जेवायला बसले तेव्हा तू त्यांना सांगत होतीस ते मी ऐकलं. "जुळा भाऊ हाय म्हणे डिटेक्टिव्हचा. लहानपणी जत्रेत हरवला होता. पहिल्या भागात त्याचं नाव बी नाही!" कशाचा कशाला संबंध नव्हता. लेखकाने वाचकांच्या तोंडाला सरळ पानं पुसली होती. "समोरच्या बाईले काय सांगू मी आता? सात वर्षांपासून दिवाणजी दिवाणजी करून राहिल्या थ्या," तू म्हणालीस. बाबा म्हणाले, "जे लिवलं ते वाच. तुह्यं काय जाते?" तू त्यांना भात वाढलास.

त्याच आठवड्यात माझंही एक प्रकरण झालं. मैत्रिणीकडे भरतकाम शिकायला जाते असं सांगून मी तलावावर बर्फाचा गोळा खायला गेले आणि लालभडक तोंड घेऊन घरी आले, म्हणजे अक्कल केवढी ते बघ. तू मला दुपारच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं केलंस आणि 'मी खोटं बोलली' असं तीनदा म्हणायला लावलंस. "चोरीले माफी हाय, खोट्याले नाही," असंही वर ऐकवलंस. बायका हसल्या. वहिनींनी मला जवळ ओढलं, तर मी त्यांचा हात झटकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तुझा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुझ्याशी कामापुरतीही बोलले नाही.

मग शेवटच्या प्रकरणाची दुपार आली. मी तुझ्या खांद्याला लागून बसले होते, मला पान दिसत होतं. डिटेक्टिव्हने तळघराचं दार ढकललं, तू थांबलीस, पाणी प्यालीस, आणि पुढे जे वाचू लागलीस ते पानावर नव्हतं. आधी मला वाटलं तुझी ओळ चुकली. मग लक्षात आलं की तुझे डोळे पुस्तकावर होते, पण ते हलतच नव्हते. बराच वेळ तू पान उलटलं नाहीस, मग एकदम दोन उलटलीस, मग पुन्हा नाही. भाषा अगदी पुस्तकातली होती, कुठे अडखळ नाही. दिवाणजीचं नाव आलं तशी काकूंनी मांडीवर थाप मारली, सुपातले तांदूळ उडाले. "मी म्हणत नव्हती का! थोच हाय मेला!" शेवटी वहिनींनी पदराने डोळे पुसले. अख्खं नागपूर त्या लेखकाच्या नावाने बोटं मोडत होतं, आणि आपल्या स्वयंपाकघरात पाच-सहा बायका त्याला दुवा देत होत्या. मी मात्र आतून उकळत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आठ दिवसांनी काकू भर दुपारी तेच पुस्तक हातात घेऊन आल्या. काकांनी ते दुसऱ्या लायब्ररीतून आणलं होतं, वाचून शिव्या दिल्या होत्या, आणि काकूंनी शेवट चांगला आहे म्हटल्यावर घरात जुंपली होती. "हे म्हणतेत जुळा भाऊ, मी म्हणतो दिवाणजी. म्हणतेत, तुले वाचता येत नाही त तुले समजन काय? पोरासोरांसमोर म्हणतेत. तुमी हे वाचून दाखवा, मी तोंडपाठ करतो अन् त्याहिले ऐकवतो." त्यांनी पुस्तक तुझ्यापुढे धरलं. बाकीच्या जणीही होत्याच. तू चष्मा काढून ठेवलास. "माह्यं डोकं दुखून राहिलं, बाई. पोरगी वाचून दाखवन." आणि पुस्तक माझ्या हातात देताना तू माझ्याकडे पाहिलंस.

त्या पाहण्याचा अर्थ मला समजला नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. समजला होता. डिटेक्टिव्ह दार ढकलतो त्या ओळीपासून मी सुरुवात केली आणि जे छापलं होतं ते शब्दन् शब्द, खणखणीत वाचलं. जुळा भाऊ, जत्रा, दंडावरची खूण, सगळं. वाचून झालं तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचंच खरं. मले नाहीच समजत."

"तुमाले समजते, बाई. पुस्तकच खराब हाय. थो शेवट मी बनवला. तुमच्यासाठी बनवला," तू म्हणालीस.

"माह्यासाठी?" काकू उठल्या. "मी अडाणी, मले काही बी वाचून दाखवलं तरी चालते, असंच ना?"

तू उंबऱ्यापर्यंत त्यांच्यामागे गेलीस. त्या वळल्या नाहीत. वहिनीही लसणाची टोपली उचलून हळूच गेल्या. तू मला रागावशील म्हणून मी तयारीत होते, उत्तरही ठरवून ठेवलं होतं. तू फक्त विचारलंस, "भूक लागली का?" दिवाळीपर्यंत काकू पुन्हा बोलायला लागल्या, फराळाची ताटंही इकडून तिकडे गेली, पण पुस्तक तू पुन्हा कुणासमोर उघडलं नाहीस. नागपुरात टीव्ही आला तेव्हा त्याच बायका दुसऱ्या एका घरी जमू लागल्या, आणि तू तिथे गेली नाहीस. मला वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही, बरोबर केलं असंच वाटलं. वाईट फार नंतर वाटलं, शाळेत शिकवायला लागल्यावर, माझं वाचन स्पष्ट आहे असं लोक कौतुकाने म्हणायला लागल्यावर.

तुझ्या तेरवीला काकू आल्या होत्या. पार वाकल्या होत्या. जेवणं झाल्यावर माझा हात धरून कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "तुह्या मायनं थो शेवट किती चांगला केला होता वं पोरी. मीच मूर्ख, रागावली. दिवाणजीनं काहून मारलं मालकाले, ते मले आता आठवत नाही. तू होती ना तिथं, सांग ना एक डाव." मी म्हणाले, पाहुणे जाऊ द्या, मग सांगते. मग सांगितलं नाही. काकूही आता नाहीत, वहिनींचा पत्ता नाही, म्हणजे विचारायला कुणीच उरलं नाही. जुळ्या भावाचं ते पान मी आजही तुला तोंडपाठ म्हणून दाखवीन. तुझ्या शेवटातलं एकही वाक्य मला येत नाही. हे कुठे पोचायचं नाहीच, म्हणून लिहिते आहे. मी विसरले नाही, आई. त्या दुपारी मी तुझं ऐकतच नव्हते. तू पान केव्हा उलटतेस, तेवढंच बघत होते.