देवरावचं घर आणि खालचा भ्रंश

१२ जाने., सोम.
तांड्यावर. भूकंपाच्या हादऱ्यांनी देवरावच्या जुन्या घराला भेगा पडल्यात. शेजारी नवा पाया खणलाय, पण काम थांबवलंय. आठवीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही. म्हणाला, "बापू, तू पेपरवाला. खाली जमीन तुटेल हाय म्हणत्यात. ती माह्या घराखालून जाते का न्हाई, एवढं सांग."
जमिनीखालचा सर्व्हे सुरू आहे म्हटलं. माझा लेख शुक्रवारी द्यायचाय.

१३, मंगळ.
सर्व्हेच्या मॅडमसोबत. दोन यंत्रं. एक जमिनीवर ठेवून गुरुत्व मोजतं: खाली जड खडक तर जास्त, हलका गाळ तर कमी. दुसरं दांड्यावर, चुंबकत्वाचं. वर सगळा काळा पत्थर, त्याखाली कदाचित जुना गाळ. तो जिथं तुटून खचला तो भ्रंश. तिथं आकडे बदलतात. "कदाचित" मॅडमचा. तेव्हा समजलं. जेवताना टिपण वाचलं तर नाही.

१४, बुध. संक्रांत
दोन्ही यंत्रांचं जुळेना. गुरुत्व म्हणतं भ्रंश नाल्याकडे. चुंबक म्हणतं देवरावच्या नव्या पायाशी. तिथं आकडे उड्याच मारतात. मॅडमनी किल्ल्या, घड्याळ आधीच काढलेलं. "इथं लोखंड पुरलंय का?"
"न्हाई," देवराव.
"हाय की," त्याची आई सीताबाई, तीळगूळ देता देता. "हादरा बसला तवा चारी कोपऱ्यांत सळ्या ठोकल्या. जमीन जागची हलू नये म्हनून. समद्या तांड्यानं ठोकल्यात."
"याडी, काहून सांगितलं न्हाई?" देवराव आईवर उखडला.
"इचारलं कोनी?"
मॅडम हसल्या. मग चुंबकाच्या दोन दिवसांच्या आकड्यांवर काट मारली.

१५, गुरु.
देवरावकडच्या सळ्या उपटल्या. सीताबाई अडून बसल्या होत्या: "तुमची मशीन जाईन माघारी. आमाला हितंच राहायचंय." दुपारी ऐकलं.
पुन्हा मोजलं. उड्या थांबल्या, पण फरक पुरता गेला नाही. नाल्याकडे थोडा सरकला. मॅडम म्हणतात, काळ्या पत्थरातही चुंबकत्व असतं, त्याचं असेल. किंवा भ्रंश तिरका असेल. किंवा...
मी मधेच विचारलं, मग घर कुठं बांधावं? "आम्ही फार खोलचं बघतो. नकाशावर रेघ दिसते, खाली तो रुंद पट्टा असतो. एका घराचं उत्तर यातून निघत नाही. हादरा सगळ्या तांड्यालाच बसतो. बांधकाम पक्कं करायला सांगा."

१६, शुक्र.
लेख दिला, वेळेत. "कदाचित" पाच वेळा आला होता, दोन काढले. कुठले दोन काढायला हवे होते, नक्की नाही.

१८, रवि.
लेख छापून आला. देवरावचा फोन. "ब्येस लिवला. पन माहं घर कुठं हाय त्यात?"
पक्क्या बांधकामाचं सांगितलं.
"ते करतोच रे. तुह्यं घर असतं तर? हितं का नाल्याकून लांब, वरच्या अंगाला?"
माहीत नाही म्हणालो. खरंच नाही.
"बरं. गवंडी उद्या आठला येऊन राहिला. तू ये. तू उभा राहशीन तिथं खांदतो."
नको म्हणायला हवं होतं. तांड्याकडे सातची बस आहे.