शमीवरच्या अळ्या

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

सरांनी डब्यात डोकावलंसुद्धा नाही!

गणपतीसाठी भावाच्या नेरच्या शेतातून शमी तोडली, तर पानांवर चार अळ्या. देवाला कशा वाहणार? आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये वाळवंटी पतंगांचा तक्ता आहे. बावीस वर्षं मीच पुसते. त्यावरची अळी अश्शीच — हिरवी, पाठीवर पांढरी रेघ. म्हणून डब्यात घालून नेल्या.

राठोड सर म्हणाले, "वच्छलाबाई, हे राजस्थानातलं बेणं. इथं यवतमाळात कायले येईन? नकाशा पाहा."

तक्त्यावरच्या नकाशातला लाल रंग गुजरातेतच संपतो. खाली लिहिलंय — यजमान झाड : शमी.

अळीलाही यजमान! घरी आमच्या यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याले खाते ना ते? मंग बराबर आहे."

११ सप्टेंबर

सुनेची लाल नेलपॉलिश. नकाशात नेरवर एक ठिपका. बस, एवढंच! अळ्या माझ्याकडे, माती घातलेल्या बरणीत. मजेत खातात.

१३ सप्टेंबर

आज सर तक्त्यावर काठी फिरवत पोरांना म्हणाले, "आणि हे विदर्भातलं एक तुटक ठिकाण." तुटक ठिकाण! कपाटामागे तोंडात पदर कोंबून हसले.

१८ सप्टेंबर

गंमत अंगाशी आली. सरांनी ते ठिकाण नागपूरच्या एका तज्ज्ञ मॅडमना फोनवर सांगितलं. त्या सोमवारी येतात! सरांची नाचक्की होणार, माझ्यामुळे. रिटायर व्हायला चार महिने राहिले, आणि मला काय सुचलं हे?

१९ सप्टेंबर

सांगून टाकलं.

सरांनी ठिपका नखाने खरवडला. नख लाल झालं. वाटलं, आता प्राचार्यांकडे नेतात. तर विचारलं, "अळ्या जित्या आहेत का?"

बरणी आणून दाखवली. मातीत शिरून कोष झालेले.

"येऊ द्या मॅडमले," म्हणाले.

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळीच दोन पतंग बाहेर! मळकट, राखाडी, दिसायला काहीच नाही. मॅडमनी भिंगातून किती वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "प्रजाती तीच आहे. पण झाडावर अजून अळ्या सापडायला हव्यात."

सरांनी नेलपॉलिशचं नावही काढलं नाही. म्हणाले, "हे आमच्या वच्छलाबाईंनी शोधलं."

मी हातातला चहा सांडला.

२९ सप्टेंबर, रविवार

सर आणि मी एसटीने नेरला. शमीखाली उभं राहून मी विचारलं, "राजस्थानात अशीच झाडं असतात का हो सर?"

"मले काय मालूम? मी कधी गेलोच नाही."

फांदी वाकवली. एक अळी त्यांच्या तळहातावर चढली.

"वच्छलाबाई, गुदगुल्या होऊन राह्यल्या न!"

सरांनी तीस वर्षं पोरांना शिकवली ही अळी. हातावर घेतली ती आज, पहिल्यांदा.