उतारावरचे खड्डे

किलोलो, ५ मार्च

ती. आईस एडिथाचा शि. सा. न. वि. वि.

मका पुन्हा वाहून गेला. उतारावर वरून खाली नांगरलं की पाण्याला वाटच मिळते. मी तुझ्या जावयाला, कास्टोरीला म्हटलं, आमच्या म्बिंगाकडे खड्डे करतात, तिथली माती जागची हलत नाही. ते मामंजींनी ऐकलं. म्हणाले, सुनेला माझ्या शेताची दफनभूमी करायची आहे. तरी वरचा तुकडा दिलाय. साधलं नाही, तर कास्टोरीने शहरात काम शोधायचं. माझं कशात लक्ष लागत नाही. या खड्ड्यांना कंटाळूनच मी इतक्या लांब लग्न केलं, आता काहीच आठवत नाही. खड्डे कसे करायचे ते लगेच लिही.

राग सोड, लोभ ठेव.
तुझी एडिथा

म्बिंगा, १६ मार्च

चि. एडिथास अनेक आशीर्वाद.

वाचून हसले. कुदळ दिली की तुझं पोट दुखायचं. गवत कापून वाळव. त्याच्या उभ्या-आडव्या रांगा घालून चौकटी कर. मधली माती उकरून गवतावर टाक, की बांध होतो आणि मध्ये खड्डा उरतो. बांधावर आत्ता घेवडा पेर, मका डिसेंबरात. पण तुमची माती मी पाहिलेली नाही. पाणी दिवसभर साचलं तर खड्डे उथळ कर. मामंजींशी वाद नको. इकडे सर्व ठीक.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
आई

किलोलो, २० जानेवारी

ती. आईस सा. न.

पाणी साचत होतं, खड्डे उथळ केले. मंगळवारच्या पावसात खालच्या नांगरलेल्या शेतातला मका रस्त्यावर आला, माझा उभा आहे. मामंजी छत्री घेऊन बांधाबांधाने फिरले. मला सोडून कास्टोरीला विचारलं, की हिची आई कुदळ केवढी वापरते. पण आई, तू तुझ्या शेताबद्दल अक्षर लिहीत नाहीस. मला चैन पडत नाही.

लोभ आहेच, खरं तेही कळव.
एडिथा

म्बिंगा, २ फेब्रुवारी

चि. एडिथास आशीर्वाद.

गुडघे वाकत नाहीत. दोन वर्षं खड्डे केले नाहीत, माणसं लावून सरळ नांगरून घेतलं. माती ओढ्यात गेली, दगड उघडे पडले. तुला शिकवताना लाज वाटली, म्हणून सर्व ठीक लिहिलं.

आईवर लोभ असू दे.

किलोलो, २४ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

शनिवारच्या बसने मी आणि कास्टोरी येतोय. मामंजीही निघालेत. म्हणतात, सून खरं शिकली की अर्धवट, ते बघायचंय. ते फार बोलतील, मनावर घेऊ नकोस. कुदळीला हात लावायचा नाही. बांधावर बस आणि माझ्या चुका काढ.

बाकी लोभ समक्ष.
तुझी एडिथा